लाल पूररेषेच्या बाहेर घर आहे, तरी पुराचा विमा घ्यायचा का?

ओढ्यालगत:
नमस्कार. तीन वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढून बैठं घर घेतलं. मागच्या भिंतीपलीकडे ओढा आहे, उन्हाळ्यात पूर्ण कोरडा. व्यवहाराच्या वेळी आम्हाला नकाशा दाखवला होता, त्यात घर नदीच्या लाल पूररेषेच्या बरंच बाहेर. आम्ही निर्धास्त झालो.

या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास पाणी अंगणात शिरलं. तीन पायऱ्यांपैकी दुसरी बुडाली आणि पहाटे ओसरलं. घरात थेंबही आला नाही. पण सासूबाईंना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते ओट्यावर चढवून मी दारात बॅटरी घेऊन तिसऱ्या पायरीकडे बघत बसले होते. तेव्हापासून आभाळ भरून आलं की झोप लागत नाही.

रेषेच्या बाहेर असून पाणी आलं कसं? बँकेने कर्ज देताना एक विमा करायला लावला होता, त्यात पूर धरलेला असतो का? यांचं म्हणणं, शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी येऊन गेलं, आता आपल्या हयातीत नाही.

पाटबंधारे_निवृत्त:
ताई, यजमानांचा समज फार जणांचा असतो, म्हणून आधी तेच. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. पूर वेळापत्रक पाळत नाही. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. 30 वर्षं एका घरात राहणार असाल, तर त्या काळात तसा पूर निदान एकदा बघण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. नकाशावरची लाल रेषा याच शंभर वर्षांतल्या पुराची, निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या काठावरच्या घरासाठी हाच हिशेब 70 टक्क्यांवर जातो.

आता तुमचा ओढा. लाल आणि निळी रेषा नदीच्या पुराची असते: धरणाचा विसर्ग, नदीची वहनक्षमता, पात्राचे छेद (रुंदी-खोली) मोजून आखलेली. घरामागच्या ओढ्याचा त्यात हिशेब असेलच असं नाही, आणि गटारं तुंबून साठणारं पाणी तर त्यात नसतंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, तेव्हा नदीपासून लांबच्या गल्ल्याही बुडाल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काही तासांत हाहाकार केला. नदीचा पूर बहुधा आधी कळतो, धरणाचे दरवाजे उघडणार असल्याची सूचना येते. ओढ्याला तेवढी उसंत नसते. वर डोंगरउतारावर सिमेंट झालं, पात्रात भराव पडला, रस्त्याखालच्या मोरीत कचरा अडकला, की दहा वर्षांपूर्वी पोटात मावणारा पाऊस आता बाहेर येतो.

म्हणून नकाशा बघाच, पण स्वतः मोजा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. शेजारच्या जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा शोधा, तिथल्या वयस्कर माणसांना विचारा, आणि ती खूण तुमच्या जमिनीच्या फरशीपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते काढा. तुमच्या घराचा खरा धोका त्या आकड्यात आहे. खालच्या बाजूची मोरी किती रुंद आहे तेही चालत जाऊन पाहा.

सर्व्हेअर_बोलतोय:
मी विमा दाव्यांचं सर्वेक्षण करतो. ताई, सगळ्यात आधी बँकेच्या विम्याचा कागद काढा. पुष्कळदा तो घराचा नसतोच, कर्जदाराचा जीवनविमा असतो: कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, भिंत पडली तर काही मिळत नाही. दाव्याच्या वेळी हे कळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. घराचाच असला, तरी विमा रक्कम कर्जाएवढीच आहे का आणि सामान धरलंय का, हे पाहा.

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते. पूर आणि पाणी साचणं तिच्यात मुळातच आहे. इमारतीची रक्कम म्हणजे बांधून घेण्याचा खर्च, जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. बाजारभाव लिहून जास्त हप्ता भरू नका. इमारतीबरोबर घरातलं सर्वसाधारण सामान इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख, आपोआप येतं. जास्त असेल तर यादी द्या. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कवच, रोख रकमेला नाहीच. वैद्यकीय मशीन यादीत नावाने लिहा, पावती जोडा.

गाडीला हे लागू नाही, ती मोटार विम्यात. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान नाकारलं जातं.

पाणी आलंच तर कंपनीला लगेच कळवा. चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो घ्या, भिजलेलं सामान सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. फेकायलाच लागलं तर आधी प्रत्येक वस्तूचा फोटो.

तळमजला_पुन्हा:
आमच्याकडे पाणी दारातून आलं नाही, संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं. चेंबरची पातळी बाहेरच्या पुराखाली गेली होती. नंतर बाहेर जाणाऱ्या पाइपला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवली. तुमच्या पायऱ्या उंच असतील, पण चेंबरचं झाकण कुठे आहे बघा. मीटर आणि इन्व्हर्टर वर घ्या. कागदपत्रांचे फोटो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या फोनवर ठेवा.

ओढ्यालगत:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी गवंड्याला घेऊन मोजलं. दोन घरं सोडून एक जुनी भिंत आहे, तिथल्या आजींनी हात ठेवून दाखवलं, त्यांच्या लग्नानंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात इथवर होतं. ती खूण आमच्या फरशीपेक्षा 38 सेंटिमीटर वर निघाली. यांनी स्वतः नळी धरली होती, काही बोलले नाहीत.

बँकेचा कागद काढला. जीवनविमाच निघाला. कालच घराच्या पॉलिसीचा अर्ज भरलाय, ऑक्सिजनचं मशीन यादीत पहिलं. चेंबरचं झाकण दुसऱ्या पायरीएवढ्याच उंचीवर आहे, झडपेसाठी प्लंबर उद्या येतोय. ओढ्याची मोरी अर्धी गाळाने भरलेली दिसली. तिचे फोटो घेऊन गल्लीतले आम्ही सात जण सोमवारी अर्ज द्यायला जातोय. काका, तो अर्ज नेमका कोणत्या खात्याच्या नावे करायचा, ते सांगाल का?

पाटबंधारे_निवृत्त:
शहराच्या हद्दीतला ओढा असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जलसंपदाच्या विभागीय कार्यालयाला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. 38 सेंटिमीटरचा आकडा अर्जात लिहा.