ड्रुपलकॉनला जाऊन खरंच काय मिळतं? आणि ड्रुपल सीएमएस म्हणजे परत सगळं नव्याने का?

वाटसरू_७

नमस्कार मंडळी, मी ड्रुपल (वेबसाइट बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर) वापरून सातव्या आवृत्तीच्या काळापासून साइट्स करतोय, टीम वगैरे नाही, एकटाच. ५ जानेवारी २०२५ ला सातचा सपोर्ट संपला, त्याआधी सगळ्या साइट्स १० वर आणल्या आणि आता ११ चं बघतोय. पण कम्युनिटीशी माझा संबंध म्हणजे मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायची सुविधा, उतरवायचं आणि कुठे अडलं की इश्यू क्यू, म्हणजे नोंदवलेल्या अडचणींची यादी, चाळायची, बस.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे ड्रुपलकॉन, म्हणजे ड्रुपलची मोठी परिषद, किंवा एखाद्या छोट्या कॅम्पला जावं असं बरेच दिवस मनात आहे, पण सेशन्स तर नंतर यूट्यूबवर येतातच, मग एवढा खर्च करून जायचं कशाला? दुसरं, हे ड्रुपल सीएमएस, रेसिपी, कॅनव्हास, एआय असं एकदम इतकं काही सुरू झालंय की क्लायंटने विचारलं तर नीट सांगता येत नाही. ७ वरून ८ ला जाताना थीम आणि कस्टम मॉड्यूल अक्षरशः पुन्हा लिहावी लागली होती, परत तसंच होणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

पानआडपान

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण ती भीती खूप जणांना आहे आणि ती काढून टाकायला हवी.

ड्रुपल सीएमएस हे वेगळं सॉफ्टवेअर नाही. मे २०२४ ला पोर्टलंडच्या ड्रुपलकॉनमध्ये ड्रुपलचा जनक ड्रीस बाउटार्टने स्टारशॉट नावाने ते जाहीर केलं आणि १५ जानेवारी २०२५ ला, म्हणजे ड्रुपलच्या चोविसाव्या वाढदिवशी, १.० आलं. खाली तेच कोअर, म्हणजे ड्रुपलचा मूळ गाभा, आहे जे तुम्ही वापरताय, वरती निवडक मॉड्यूल्स आणि त्यांची तयार मांडणी. ही मांडणी रेसिपीतून येते. रेसिपी मॉड्यूलसारखी साइटवर राहत नाही, एकदा लावली की कंटेंट टाइप, फील्ड, परवानग्या जे काय असेल ते तयार करते आणि तिचं काम संपलं, पुढे ते सगळं तुमचं कॉन्फिगरेशन. आधी डिस्ट्रिब्युशन, म्हणजे मॉड्यूल्ससकट तयार संच, घेतलं की त्याच्याच अपडेटची वाट बघत बसावं लागायचं, ती कटकट इथे नाही.

८ च्या वेळी जे झालं ते वेगळंच होतं. २०१५ मध्ये ८ आलं तेव्हा आतून सगळी बांधणीच बदलली, सिम्फनी हे पीएचपी फ्रेमवर्क आलं, टेम्प्लेट लिहायला ट्विग आलं, पानांचे पत्ते ठरवणारं हुक मेन्यू जाऊन राउटिंगच्या यॅमल फाइल आल्या. त्यात बरेच लोक तुटले, काहींनी तर सातच्याच कोडवरून बॅकड्रॉप नावाचा फोर्क, म्हणजे वेगळा फाटा, काढला. पण त्यानंतर पद्धत बदलली हे फार कमी लोक लक्षात घेतात. आता दर सहा महिन्यांनी मायनर रिलीज येतो, जुनं काढायचं असेल तर आधी डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे जाणार, अशी खूण करतात आणि पुढच्या मेजरलाच, म्हणजे मोठ्या आवृत्तीलाच, काढतात. अपग्रेड स्टेटस मॉड्यूल चालवा, तुमच्या कस्टम कोडमध्ये काय काय बदलायचंय त्याची फाइलवार यादीच मिळते. ११ ला जाताना पुन्हा लिहायची वेळ यायची नाही.

कॅनव्हास म्हणजे आधीचा एक्स्पिरियन्स बिल्डर, नाव बदललं. ब्राउझरमध्येच घटक ओढून पान रचायचं. त्यासाठी सिंगल डिरेक्टरी कॉम्पोनंट शिकून ठेवा, एका फोल्डरमध्ये ट्विग, सीएसएस, जेएस आणि कोणते प्रॉप, म्हणजे घटकाला द्यायची मूल्यं, चालतात हे सांगणारी यॅमल, एवढंच असतं. कॅनव्हास वापरा न वापरा, थीम लिहिण्याची पद्धत आता हीच होत चाललीय.

संथवाहते

पहिल्या प्रश्नावर लिहितो. सेशन्ससाठी जाऊ नका, ती घरी बसून बघता येतात हे अगदी खरंय. जायचं ते काँट्रिब्युशन डे साठी, म्हणजे सगळे मिळून ड्रुपलवरच काम करतात त्या दिवसासाठी.

तिथे काय होतं ते सांगतो. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर पाटी, कुठे मायग्रेशन, कुठे ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही साइट वापरता येणं), कुठे कॅनव्हास. नवख्यांसाठी वेगळी खोली, मेंटॉर शेजारी बसून डीडेव्ह, म्हणजे आपल्याच मशीनवर साइट चालवायचं साधन, बसवून देतो, मग नोव्हिस (नवख्यांसाठी) टॅग असलेला एखादा इश्यू उघडायचा. समजा एखाद्या फॉर्मवरची एरर स्क्रीन रीडरला वाचताच येत नाहीये. इश्यू फोर्क, म्हणजे त्या इश्यूपुरती कोडची प्रत, काढायचा, बदल करायचा, तो मूळ कोडमध्ये घ्या अशी मर्ज रिक्वेस्ट टाकायची. लगेच गिटलॅबवर, जिथे कोड तपासला जातो, टेस्ट लाल होते म्हणजे नापास होते, कारण दुसऱ्या कुठल्यातरी टेस्टमध्ये जुनंच मार्कअप लिहिलेलं असतं. समोर बसलेला माणूस तो भाग सांभाळणारा मेंटेनर निघतो आणि ती ओळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. मग इश्यूची स्थिती नीड्स वर्क वरून नीड्स रिव्ह्यू, मग आरटीबीसी, म्हणजे तपासून झालं, घ्यायला तयार. हेच घरून केलं तर दोन कॉमेंटच्या मध्ये आठवडेच्या आठवडे जातात, कारण रिव्ह्यू करणारा कोण, त्याला वेळ कधी आहे, काहीच माहीत नसतं.

आणि ड्रुपलकॉनमध्ये पहिल्यांदाच काम करणाऱ्याचा बदल कोअर कमिटर, म्हणजे कोअरमध्ये बदल घालायचा अधिकार असलेला माणूस, सगळ्यांसमोर स्टेजवरून कमिट करतो. ते बघताना माझ्या तर अंगावर काटा येतो. लाखो साइट्सवर जाणारी ती ओळ आणि ती लिहिणारा माणूस दोन्ही समोर दिसतात.

ड्रुपल कुठे चाललंय हे मुख्य भाषणातून कळतंच, पण कुठल्या टेबलाला गर्दी आहे आणि कुठलं रिकामं पडलंय ते बघा, त्यातून जास्त कळतं. रिकाम्या टेबलाचं मॉड्यूल तुमच्या साइटवर असेल तर काळजी घ्या.

चौथी_खिडकी

संथवाहते यांच्याशी सहमत, पण एकट्याने काम करणाऱ्याने आधी कॅम्पला जावं असं माझं ठाम मत आहे. कॅम्प स्थानिक लोक आपल्या वेळेत भरवतात, तिकीट स्वस्त किंवा फुकटच, माणसं कमी त्यामुळे बोलणं होतं. ड्रुपलकॉनला पहिल्याच वेळी माणूस बावरून जातो.

एआयबद्दल थोडं. मॉड्यूल चांगलं आहे, वेगवेगळे एआय प्रोव्हायडर जोडता येतात, एकाच कंपनीला बांधून घ्यावं लागत नाही, ही जमेची बाजू. इमेजचं आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, सुचवणं वगैरे कामाचं आहे. पण मला मनापासून वाटतं की सुचवलेलं माणसाने वाचल्याशिवाय सेव्ह होता कामा नये, नाहीतर ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या वाचकाला चुकीचं वर्णन ऐकावं लागतं आणि ते चुकलंय हे त्याला कळायला मार्गच नाही. ज्या प्रोजेक्टने ॲक्सेसिबिलिटीसाठी इतकी वर्षं जीव ओतलाय त्याने इथे ढिलाई करू नये.

वाटसरू_७

वा, किती नीट लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. ११ चं टेन्शन गेलं. कॅम्प शोधतो. फक्त एक, मला पीएचपी येतं पण कोअरचा कोड उघडला की दडपण येतं, तर जायच्या आधी घरून करता येईल असं काही आहे का?

संथवाहते

आहे की. तुम्ही जे मॉड्यूल रोज वापरता त्याच्या क्यूमध्ये जा, नीड्स रिव्ह्यू लावून गाळा, एक मर्ज रिक्वेस्ट आपल्या टेस्ट साइटवर लावा आणि कोअरची कुठली आवृत्ती, कुठल्या स्टेप्स केल्या, आधी काय दिसत होतं, नंतर काय दिसलं हे लिहा. नुसतं "चालतंय" लिहू नका, त्याने मेंटेनरला काही उपयोग होत नाही. नीट टेस्ट केलेल्या कॉमेंटलाही क्रेडिट मिळतं, कोड लिहायलाच हवा असं नाही.

पानआडपान

आणि सातवरून मायग्रेशन तुम्ही हाताने केलंय, तर मायग्रेशनची डॉक्युमेंटेशन पानं एकदा वाचून काढा. तुम्ही जिथे अडला होतात ती जागा तिथे आहे का बघा, नसेल तर भर घाला. आजही खूप साइट्स सातवरच आहेत, त्यांना तेच हवंय.