खालची इम्प्लांटवरची कवळी: बेस (हिरडीवर बसणारा भाग) कशाचा?

प्रश्न (कोथरूड): खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवलेले स्क्रू), लोकेटर अटॅचमेंट (कवळी इम्प्लांटवर टचबटणासारखी अडकवणारा जोड). पेशंटची साध्या हीट-क्युअर (उष्णतेने पक्क्या होणाऱ्या) ॲक्रिलिकची कवळी हाउसिंगपाशीच (कवळीत बसवलेली जोडाची टोपी) तडकली. आता हाय-इम्पॅक्ट (जास्त धक्का सोसणारं ॲक्रिलिक) करू की नायलॉन?

उत्तर: नायलॉन नकोच, सर. पिक-अपचं (हाउसिंग तोंडातच कवळीत चिकटवण्याचं) सेल्फ-क्युअर रेझिन, म्हणजे न तापवता पक्कं होणारं, त्याला नीट धरत नाही, पुढे रिलाइनिंगही (कवळीला आतून नवा थर देणं) अवघड. तडा तिथेच जातो, कारण हाउसिंगवर ॲक्रिलिक पातळ उरतं. किमान 2 मिमी हवं.

उत्तर: तेवढी जागा नसेल तर नुसत्या हाय-इम्पॅक्टवर भिस्त ठेवू नका. कोबाल्ट-क्रोमची जाळी हाउसिंगच्या माथ्यावरून न्या. फक्त मधोमध ठेवून उपयोग नाही. लॅबला सांगा: ॲक्रिलिक पक्कं करताना 74 अंश सेल्सिअसवर 2 तास, मग 100 वर 1 तास. फ्लास्क (साच्याचा डबा) आपोआप गार होऊ दे, नळाखाली धरू नका.

उत्तर: पिक-अपआधी ब्लॉक-आउट रिंग (जोडाखालची फट बंद करणारी कडी) लावाच. रेझिन अंडरकटमध्ये (जोडाखालच्या खाचेत) शिरलं की कवळी तोंडातच अडकते. जिभेच्या बाजूला भोक ठेवा, जादा रेझिन तिथून निघतं.