वाळण कोंडीतले मासे कोणते? गावच्या नदीत सोडता येतील का?

रानवाट: महाडजवळ वाळण कोंडीला जाऊन आलो. काळ नदीच्या डोहातले वरदायिनी देवीचे मासे, कुरमुरे टाकले की हे एवढाले वर येतात, कोणी पकडत नाही. महाशीर म्हणतात ते हेच ना? आमचं गाव पाटणकडे, कोयनेला मिळणाऱ्या नदीवर. हॅचरीतून पिल्लं आणून सोडायची असं पोरांचं चाललंय, जाणकारांनी सांगा.

डोहकाठ: हो महाशीरच. मोठाले खवले, जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या. आपल्या दख्खनी महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं, म्हणजे अस्सल पुण्याचा मासा, आणि आज त्या नदीचं पाणी बघा, जीव तुटतो. खातो सगळं, शेवाळ, किडे, खेकडे, काठच्या झाडाची पडलेली फळं. जबड्यात दात नाहीत, घशात आहेत, त्यांनी शिंपले फोडतो. पावसाळ्यात वर चढून गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो आणि ती रोहू-कटलाच्या मानाने फारच कमी असतात, त्यामुळे वाटेत बंधारा आला किंवा वाळू-गोटे उपसले की संपलंच.

सातपाणी: पिल्लं सोडायच्या आधी कावेरीचं उदाहरण वाचा. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीची पैदास झाली, काम खरंच मोठं, पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथला स्वतःचा कुबडवाला महाशीर वेगळा, टॉर रेमादेवी, ५० किलोच्या वर जाणारा. निळ्या परांचा खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला दिसेनासा झाला, २०१८ पासून तो आययूसीएन या जागतिक संवर्धन संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. धरणं, सुरुंग लावून मासेमारी हेही होतंच, पण बाहेरचा मासा सोडणं म्हणजे संवर्धन नव्हे.

रानवाट: पण मुळा-मुठेसारखी कोयनाही कृष्णेच्याच खोऱ्यात, खुद्री तिथलाच ना मग?

डोहकाठ: तिथलाच, म्हणून तर आधी बघा की अजून शिल्लक आहे का. गावातल्या जुन्या मासेमारांना विचारा, खोल डोह कुठले ते त्यांना पाठ असतात. असेल तर पिल्लं आणूच नका, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणं तेवढं गावाने थांबवा, तेव्हा मादी अंड्यांनी भरलेली असते. आणि डोहात जिलेटिनचे स्फोट, ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणं बंद. नसेल तर मत्स्यविभागाशी बोलून मगच काय ते ठरवा, परस्पर पिशव्या ओतू नका.