लांडगे, गुरं आणि सरकार : ऑरेगॉन, १८४३

रानवाट :
उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगॉनमध्ये वसाहतवाल्यांनी स्वतःच उभारलेलं हंगामी सरकार मला भारी वाटतं. तेव्हा मुलूख ब्रिटन-अमेरिका दोघांचा, म्हणजे कायदा कुणाचाच नाही. १८४१ मध्ये इविंग यंग हा बडा गुरंवाला वारला. मृत्युपत्र नाही, वारस समोर नाही, कळप मोकाट. विलामेट खोऱ्यातल्या लोकांनी बसून एक न्यायाधीश नेमला. पुढे लांडगे मारणाऱ्यांना बक्षीस द्यायला सभा भरल्या आणि त्यातूनच २ मे १८४३ ला खोऱ्यातल्याच शॅम्पुई गावात सरकारच्या बाजूने कौल पडला. वरून हुकूम नाही, फौज नाही!

फुटकळ :
कौल कसला, काठावर पास! ५२ विरुद्ध ५० असं सांगतात. विरोधात मुख्यतः हडसन बे या फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीतून निवृत्त होऊन शेती करणारे फ्रेंच-कॅनेडियन. सरकार आलं की पट्टी (कर) आली, हे त्यांना कळत होतं.

रानवाट :
पट्टी? १८४३ मध्ये खजिना निव्वळ वर्गणीवर चालायचा. नंतर नाण्यांची टंचाई म्हणून देणी गव्हात फेडायची सोय कायद्याने केली. गरज बघून नियम, अजून काय हवं?

अनुजा_के :
मूळ गरज जमिनीची होती, लांडगे निमित्त. जुलै १८४३ च्या कायद्यात माणशी ६४० एकरांपर्यंत दावा नोंदवायची सोय आहे. त्याच कायद्यात इंडियनांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही, असंही छापलंय! १८३० नंतरच्या तापाच्या साथींत खोऱ्यातले बहुतेक कालापुया, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, मेले. उरलेल्यांची संमती कोणत्या सभेत घेतली?

रानवाट :
मान्य, पण तेव्हा सगळीकडे तेच चालायचं.

अनुजा_के :
सगळीकडे? १८४४ मध्ये याच सरकारने गुलामगिरीला बंदी घातली आणि सोबत कृष्णवर्णीयांनी मुलूख सोडावा, नाहीतर फटके, असा कायदा केला. फटके अमलात येण्याआधीच रद्द झाले, पण जॉर्ज बुश हा कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबासकट कोलंबिया नदीपलीकडे प्युजेट साउंडला गेला. लांडग्यांसाठी वर्गणी काढणाऱ्यांना हेही सुचलंच की.

फुटकळ :
आणि १८४५ ला हडसन बे कंपनीचा तिथला प्रमुख मॅक्लॉक्लिनही या सरकारात आला. उधारी वसूल करायची तर कोर्ट हवंच ना! १८४८ मध्ये अमेरिकेने ऑरेगॉन हा आपला रीतसर प्रदेश जाहीर केला, तेव्हा यांनी मांडलेले जमिनीचे दावे तयारच होते.

रानवाट :
तरी न्यायाधीश नेमला नसता, तर यंगची गुरं दांडगटांनीच हाकलून नेली असती. त्याचं काय?