बंगळुरू: सतार शिकलेल्या आईला घेऊन दोन दिवसांत काय पाहू?

मिरजेचा_बाळ्या:
शुक्रवारी मल्लेश्वरमला मावसभावाचं लग्न आहे. रविवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं परत. मधले दोन दिवस आईला कलादालनं आणि जे. पी. नगरचं संगीताचं संग्रहालय दाखवायचंय. ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढली आणि स्वतः सतार शिकली. गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. नेटवरच्या याद्या लांबलचक आहेत. गाळू काय?

जयनगरची_काकू:
आधी रस्ता बघा, मग यादी. संगीताचं संग्रहालय पार दक्षिणेला, बाकीचं बहुतेक सगळं मध्य शहरात. दोन्ही एका दिवसात कोंबलंत तर आईंना सिग्नलच जास्त दिसतील.

शनिवार अख्खा इंडियन म्युझिक एक्स्पिरियन्सला, म्हणजे त्या संगीताच्या संग्रहालयाला द्या. 2019 मध्ये उघडलं. तिथं पाहण्यापेक्षा ऐकायचं जास्त, हेडफोन लावून. घाईचा माणूस तासाभरात बाहेर येतो आणि “ठीक आहे” म्हणतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई आहे. ध्वनिमुद्रणाचा इतिहासही निवांत बघा: 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ख्याल तीनेक मिनिटांत आटपावा लागे, आणि शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायच्या.

पण तुमच्या आईंना वाद्यांच्या दालनात सोडा आणि मध्ये बोलू नका. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या, दोऱ्यानं बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. सरस्वती वीणेचे चोवीस पडदे मेणात कायमचे रोवलेले. मधले सूर काढायचे तर तार आडवी ओढायची. कर्नाटक संगीतातली गमकं, म्हणजे सुरांची आंदोलनं, बोटांना कुठून सुचतात ते तिथं उभ्या उभ्या कळतं. शिवाय तंजावरची चांगली वीणा फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरतात. सतारीच्या भोपळ्याच्या गावच्या माणसाला त्यात नक्की खोट काढावीशी वाटेल, काढू द्या!

बाहेरच्या बागेत वाजवून बघायची शिल्पं आहेत. एका दगडाच्या पोकळीत डोकं घालून “हूं” केलं की आवाज छातीत घुमतो. शाळेच्या सहली आल्या तर मात्र नंबर लागत नाही.

रविवारी कस्तुरबा रोड. 2023 साली उघडलेलं मॅप, म्हणजे म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी. लिफ्ट आहे. प्रदर्शनं बदलतात, तेव्हा काय चालू आहे ते बघून जा. त्यांच्या संग्रहातली कापडाच्या ताग्यांवरची जुनी छापील लेबलं लागलेली असतील तर चुकवू नका; देवादिकांपासून वाघापर्यंत सगळे गिरणीचा माल खपवायला उभे.

त्याच रस्त्यावर वेंकटप्पा आर्ट गॅलरी, पण उघडी आहे का ते विचारून जा. के. वेंकटप्पा अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य. उटीचं धुकं जलरंगात असं उतरवलंय की कागद ओला वाटतो. हाच माणूस म्हैसूरच्या वीणा शेषण्णांकडे वीणा शिकला. चित्रं आणि संगीत एकाच माणसात हवं असेल तर हे घ्या.

सोमवार तुम्हाला लागतच नाही, बरं झालं. बरीच दालनं बंद असतात.

रेघोट्या:
काकूंचा शनिवार मान्य, रविवार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पॅलेस रोडच्या एनजीएमएत न्या. जुना माणिक्यवेलू मॅन्शन, 2009 पासून राष्ट्रीय कलादालन. आवारात प्रचंड झाडं. दोन खोल्या बघा, बाहेर येऊन बसा, पुन्हा जा.

तिथून जवळच चित्रकला परिषद. रोरिक या रशियन चित्रकार पितापुत्रांची हिमालयाची चित्रं तिथं आहेत. मुलगा स्वेतोस्लाव म्हणजे बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणीचे यजमान. दोघं बंगळुरूबाहेरच्या इस्टेटीवर राहायचे. रविवारी कायमची दालनं उघडी असतात का ते मात्र फोन करून विचारा.

जयनगरची_काकू:
एनजीएमएची झाडं मान्य. मॅपनंतर अंगात त्राण उरलं तर जा, वेंकटप्पा बंद असेल तर जाच. तिन्ही नको.

मिरजेचा_बाळ्या:
ठरलं, शनिवार वाद्यं, रविवार मॅप. आईला मेणाचं वाचून दाखवलं. तिनं लगेच विचारलं, “मग उन्हाळ्यात पडदे हलत नाहीत का गं?” (हा “गं” तुम्हाला, काकू.)

जयनगरची_काकू:
हलतात की! नुसतं मेण नसतं, काळी पूड घालून घट्ट केलेलं असतं. तरी काही वर्षांनी सूर बिघडतो आणि कारागिराकडून पडदे नव्यानं बसवून घ्यावे लागतात. माझ्या वीणेचं यंदा करायचंय, आणि चांगला माणूस मिळता मिळत नाही.

मल्लेश्वरमहून मेट्रोची हिरवी लाइन थेट जे. पी. नगरला जाते, पुढं रिक्षा. रविवारी मॅजेस्टिक स्टेशनला बदलून जांभळी, कब्बन पार्कला उतरा.