मदत हवी आहे : सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचे अंतर वाढल्यावर सराव कसा बदलावा?

माझी मुलगी सॉफ्टबॉलमध्ये पिचर (फलंदाजाकडे हात खालून फिरवून चेंडू टाकणारी खेळाडू) असून १४ वर्षांखालील गटात आल्यापासून तिला ४० ऐवजी ४३ फुटांवरून चेंडू टाकावा लागतो. चेंडू पूर्वीसारखाच १२ इंच परिघाचा असला, तरी वाढलेले अंतर भरून काढण्यासाठी ती खांद्याने जोर लावते आणि त्यामुळे चेंडू मांडीजवळ सुटण्याऐवजी उशिरा सुटून फलंदाजाच्या खांद्याच्याही वर जातो.

तिच्याकडून आधी जवळून केवळ मनगटाच्या झटक्याचा सराव करून घेऊन अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे, की पूर्ण अंतरावरूनच पुढच्या पायाची ढांग आणि तोल सुधारावा? शिवाय, खांद्यावर ताण येऊ नये यासाठी सरावात किती विश्रांती असावी, हेही अनुभवी प्रशिक्षकांनी कृपया सांगावे.