जुनी ऑक्टाव्हिया आरएस: शॉकअप तर गेलेच, स्प्रिंगही बदलायच्या का?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० पीएस. पहिला मालक वसईचा, त्याच्याकडून आम्ही घेतली. हिला पाच दारं आहेत म्हणून स्पोर्ट्स कार न मानणाऱ्यांनी एकदा मानपूरच्या घाटात माझ्या शेजारी बसावं, मग बोलू.

दुखणं असं. धुळ्याला मावशीकडे जाताना सेंधव्याच्या पुढे रस्ता जरा लाटालाटांचा लागला की गाडी एकदा दबून थांबत नाही, वरखाली डुलत राहते. ब्रेक लावला की नाक खाली. मागच्या उजव्या टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतो, उलट फिरवला की बोटं अडकतात. त्याच बाजूचा शॉकअप तेलाने खालपर्यंत ओला आहे. शिवाय पार्किंगमध्ये स्टीयरिंग पूर्ण वळवलं की पुढून उजवीकडून ‘टण्ण’ असा आवाज येतो, तबकडीवर चमचा पडावा तसा.

तीन गॅरेजं झाली, तीन निदानं. पहिला म्हणे चारी शॉकर, चारी स्प्रिंगा, सगळं काढून टाका. आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आले. दुसरा म्हणे पुढच्या स्प्रिंगा ‘थकल्यात’, मध्ये रबराचे बफर बसवतो. तिसरा जुनेच शॉकअप ‘भरून’ द्यायला तयार.

मी धंद्याने सी.ए., त्यामुळे खर्च का होतोय ते कळल्याशिवाय सही करत नाही. स्प्रिंग खरंच थकते का? बदलायचीच तर जरा खाली बसणारी घ्यावी का? दिराकडे हत्यारं बरी आहेत, घरी किती काम जमेल? (नवऱ्याला विचारू नका, त्याला गाडीचा रंग माहीत आहे, तेवढंच.)

पंक्या_ग्वाल्हेर

ताई, कशाला डोकं लावता? पुढच्या स्प्रिंगांची एकेक कडी (वेटोळं) कापून टाका, गाडी खाली बसेल, दिसेल पण झक्कास. आमच्याकडे मुरारला अर्ध्या तासात करून देतात.

देवासचे_काका

पंकजराव, तुमचा अर्धा तास दुसऱ्याच्या गाडीवर घालवा.

ताई, मी देवासला शॉकअपच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो, आता निवृत्त. आधी स्प्रिंगचं बोलू, कारण सगळे तिलाच शिव्या घालतात. स्प्रिंग किती कडक, हे तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, मोकळी वेटोळी किती आणि पोलाद कोणतं एवढ्यावर ठरतं. यातलं वयाने काही बदलत नाही. जाडीचा हिशेब तर चौथ्या घाताने चालतो: बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ची केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. तेव्हा वीस वर्षांनी स्प्रिंग ‘नरम’ पडली असं कोणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. वर्षानुवर्षं भार घेऊन तिची उंची मात्र थोडी कायमची बसते. आणि ती तुटते. स्प्रिंग खाली जिथे टेकते त्या वाटीत चिखल साचतो, खडा घासून रंग उडतो, तिथे गंज धरतो, गंजाच्या खड्ड्यापासून चीर निघते. तुमची गाडी वसईच्या खाऱ्या हवेत राहिलेली, म्हणून मी आधी तिथेच बघेन.

बफरचं म्हणाल तर रबर घातलं की एकदोन वेटोळी अडकतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर जातो. गाडी उचललेली दिसते, दुखणं तिथेच. कडी कापली तर सहा मोकळ्या वेटोळ्यांची पाच होतात, म्हणजे २० टक्के कडकपणा वाढला, उंची गेली ती वेगळीच, आणि शॉकअप मात्र जुन्या हिशेबाचा. त्यात गॅसने कापली तर पोलादाचं पाणीच उतरतं. कापलेलं टोक वाटीत नीट बसतही नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या लंबगोल ट्रॅकवर रोज जाणार असाल तर गाडी खाली करा. राऊच्या स्पीडब्रेकरवरून जाणार असाल तर कंपनीची उंची सोडू नका.

आता शॉकअप. स्प्रिंग साठवते ती शक्ती हा जिरवतो: पिस्टन तेलातून जातो, तेल बारीक वाटांनी आणि झडपांतून रेटलं जातं, त्याची उष्णता होते. झडपा झिजल्या, गॅस गेला, तेल गळालं की जिरवणं कमी होतं, आणि डुलणं सुरू. बोनेट हाताने दाबून बघतात ना, त्यावर फार विश्वास ठेवू नका. हाताने पिस्टन अगदी हळू हलतो, आणि जोडांतली जुनी आखडलेली रबरी बुशंसुद्धा शॉकअपचं सोंग करतात. आम्ही मशीनवर वेगवेगळ्या वेगाने चालवून जोर मोजायचो. हातात ठीक वाटणारे कितीतरी तिथे उघडे पडायचे. तुमच्या टायरने जे लिहून दिलंय ते जास्त खरं. आणखी एक: पिस्टनच्या दांड्यासोबत तेलाचा पातळ थर बाहेर येतोच, वरच्या भागावर धूळ चिकटलेला ओलसर पट्टा दिसला तर घाबरू नका. खालपर्यंत ओला म्हणजे संपला. एका बाजूचा संपला तरी त्या अॅक्सलचे दोन्ही बदलायचे.

‘भरून’ देणारा भोक पाडतो, हाताला लागेल ते तेल ओततो, वेल्डिंग मारतो. सील तेच, झडपा त्याच, गॅस उडालेला. मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप असेल तर आत २० बारच्या वर दाबाने नायट्रोजन असतो, त्याला ड्रिल लावणाऱ्याच्या जवळ उभं राहू नये.

आधी हे करा: सपाट फरशी, चारी टायरांत नीट हवा, गाडी पुढेमागे ढकलून मोकळी सोडा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरचा फरक आत येतो. मग आकडे टाका.

मृणाल_वडोदरा

ताई, माझ्याकडे हीच गाडी होती. काकांनी ‘का’ सांगितलं, मी ‘कसं’ सांगते.

खरेदीआधी स्टेपनीच्या खड्ड्यातलं स्टिकर बघा, सर्व्हिस बुकातही तेच असतं. त्यावर पीआर कोड असतात, त्यावरून कोणत्या वजनगटाची स्प्रिंग आणि साधं की स्पोर्ट्स सस्पेन्शन ते कळतं. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके टिकले असतील तर जुळवून घ्या. बिल्स्टाइन कंपनीचे शॉकअप घेणार असाल तर बी४ म्हणजे मूळच्यासारखा, बी६ तेवढ्याच लांबीचा पण कडक, आणि बी८ हा खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी आखूड. कंपनीच्या उंचीवर बी८ घालू नका. मी स्वतः बी४वर खूश होते, आमच्या अलकापुरीतल्या खड्ड्यांना कडक शॉकअप म्हणजे कंबरेचा डॉक्टर.

मागची बाजू घरी होते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत. गाडी स्टँडवर, मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमखाली जॅक, शॉकअपचा खालचा बोल्ट काढून जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हातात येते. ब्रेकच्या पाइपला ताण पडू देऊ नका, लक्ष तिथे ठेवा. खालचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढची बाजू दिरांना देऊ नका, ते कितीही हुशार असोत. स्ट्रट (पुढे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात तो भाग) खाली नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, कड्यात घट्ट बसलेला असतो, ते कडं फाकवायला वेगळं हत्यार लागतं. छिन्नी ठोकणाऱ्याला गाडी देऊ नये. मग स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर. तुमच्या सियागंज बाजारात मिळणारे हलके हुक मला पटत नाहीत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. वरचा नट सोडताना दांडा पक्कडीने धरला की क्रोमवर ओरखडा आणि नव्या शॉकअपचं सील काही महिन्यांत खलास, तेव्हा दांड्याच्या टोकाला खास जागा असते तिथूनच धरायला सांगा. तुमचा ‘टण्ण’ मला वरच्या माउंटच्या बेअरिंगचा वाटतो. ते, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारं रबर) आणि दांड्यावरचं धुळीचं बूट नवंच घाला, मजुरी दोनदा देण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि एकदाच वापरायचे बोल्ट-नट पुन्हा लावू देऊ नका.

नंतर अलाइनमेंट. या गाडीत पुढे टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत) जुळवता येतो, कँबर (समोरून बघता चाक किती कललंय) फक्त सबफ्रेम, म्हणजे पुढची खालची चौकट, थोडी सरकवून डावी-उजवी सारखी करता येते, मागे बीम असल्यामुळे काहीच नाही. मागच्या कँबरचे पैसे कोणी लावले तर तुम्ही सी.ए. आहातच.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

काका, मोजलं. मागे दोन्ही बाजू सारख्या. पुढे उजवी बाजू डावीपेक्षा १७ मिलिमीटर खाली!

मग दिराने चाक काढलं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं तुटलेलं. पाऊण फेरा वाटीत तसाच पडून, वर वाळलेल्या चिखलाचा थर. तुटलेल्या टोकाचा बहुतेक भाग तांबूस काळा, एका कडेला करड्या रंगाचा चकचकीत तुकडा. मृणालताई, बेअरिंगही असेल कदाचित, पण चमच्याच्या आवाजाचा मालक हाच दिसतोय. तीन गॅरेजवाल्यांपैकी एकानेही चाक काढलं नव्हतं.

मागच्या स्प्रिंगवर रंग शाबूत आहे, गंज नाही. त्या ठेवू का?

देवासचे_काका

तांबूस भाग म्हणजे चीर जुनी, पाणी आत जाऊन गंजलेली. करडा भाग शेवटी एकदम तुटलेला. आता गाडी चालवू नका, ते टोक टायरच्या अगदी जवळ असतं आणि वाटीतून निसटलं तर टायर कापतं. टोइंगने पाठवा.

पुढच्या स्प्रिंगा दोन्ही बदला, एकच बदलली तर डावी-उजवी उंची पुन्हा जुळणार नाही. मागच्या ठेवा, खालीवर रबराच्या गाद्या मात्र नव्या. शॉकअप चारी.

पंक्या_ग्वाल्हेर

काका, म्हणजे कडी कापायची गरजच नव्हती, ताईंच्या गाडीने स्वतःच कापून घेतली 😄

लोकमान्यनगरकर (इंदूर)

पंकजभाऊ, म्हणूनच तुमच्या मुरारला येत नाहीये.

यादी अशी: पुढच्या स्प्रिंगा दोन, बी४ चार, पुढचे माउंट-बेअरिंग, बंप स्टॉप आणि बूट, मागच्या गाद्या, नवे बोल्ट. पहिल्या गॅरेजच्या आकड्यापेक्षा बराच कमी बसतोय. पुढचं काम देवास नाक्याजवळच्या एकाकडे देतेय, त्याच्याकडे भिंतीला बसवलेला कॉम्प्रेसर आहे, स्वतः जाऊन बघून आले. मागचं दीर करेल. अलाइनमेंट लगेच करून घेऊ की थांबू?

देवासचे_काका

लगेच करा, टो बिघडलेला ठेवून चालवलं तर टायर जातील. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून धुळ्याला जाऊन आल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या. उंचीही तेव्हाच परत मोजा आणि आकडे इथे टाका.